शून्य ते दहा : एका डच शोधनिबंधाचं रसग्रहण

वैद्यकीय शोधनिबंधाचं रसग्रहण करावं असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. निबंध वाचायचा, आकडे टिपायचे, निष्कर्ष ध्यानात ठेवायचा आणि पुढच्या निबंधाकडे वळायचं, अशी त्या वाचनाची रीत. पण काही निबंध निष्कर्ष पाठ झाल्यावरही पुन्हा उघडावेसे वाटतात. १९९९ साली ‘रेडिओथेरपी अँड ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकाच्या ५२व्या खंडात स्टीनलांड, लेअर, व्हान हाउवेलिंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. ‘डच बोन मेटॅस्टॅसिस स्टडी’ या नावाने तो कॅन्सरतज्ज्ञांच्या वर्तुळात ओळखला जातो. हाडात पसरलेल्या कॅन्सरमुळे दुखत असेल तर रेडिएशन एकदाच द्यावं की सहा वेळा, एवढाच त्याचा प्रश्न. उत्तरही एका ओळीचं आहे: वेदना कमी करण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच. तरीही हा निबंध मला मोठा वाटतो, तो त्याने हे उत्तर कुणाकडे मागितलं यासाठी.

आधी विषयाची थोडी ओळख. स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा, किडनीचा, थायरॉइडचा कॅन्सर हाडात पसरायची शक्यता मोठी असते. तो मणक्यात उतरतो, कमरेच्या हाडांत, बरगड्यांत, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात, दंडात. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे. जुन्या वाड्यात बारमाही डागडुजी चालावी तसं हाडात काम चालू असतं. काही पेशी जुनं हाड खात असतात, काही नवं बांधत असतात. कॅन्सरच्या पेशी तिथे पोहोचल्या की हाड खाणाऱ्या पेशींना चेव येईल असे रासायनिक संदेश सोडतात. हाड खाल्लं गेलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात आणि त्यांवर कॅन्सर आणखी पोसतो. हे चक्र एकदा सुरू झालं की हाड आतून पोकळ होत जातं. खाणाऱ्या पेशी आम्ल सोडतात, ते मज्जातंतूंना झोंबतं. हाडावरच्या आवरणात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, ते ताणलं जातं. हाड कमकुवत झालं की उठता-बसता, कूस बदलताना कळ येते. रात्री झोप लागत नाही. गोळ्यांनी हे दुखणं काही काळ दबतं, पण मॉर्फिनचा डोस वाढवत नेला की बद्धकोष्ठ, गुंगी, मळमळ मागे लागते.

अशा जागी रेडिएशन देतात. पेशंट त्याला ‘लाईट’ म्हणतात, आणि ‘किती लाईट सांगितल्यात?’ हा रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकांवरचा नेहमीचा प्रश्न. आधी सीटी स्कॅन करून दुखरी जागा आखून घेतात, त्वचेवर खुणा करतात, मग लिनॅकच्या किंवा कोबाल्ट मशिनच्या टेबलावर त्याच स्थितीत झोपवतात. किरणं पडत असतात ती वेळ काही मिनिटांची. काही जाणवत नाही, भाजत नाही. किरणांचा डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे यांचं ते नाव. एक ग्रे म्हणजे किलोभर वजनाच्या ऊतीत मुरलेली एक ज्यूल ऊर्जा. आठ ग्रेच्या डोसने पाण्याचं तापमान एका अंशाच्या पाचशेव्या भागाइतकं वाढेल. इतकी अल्प ऊर्जा, पण ती डीएनएच्या धाग्यांवर नेमकी पडते आणि ते तोडते.

कॅन्सर बरा करायचा असतो तेव्हा हा डोस पाच-सात आठवड्यांत, रोज थोडा थोडा असा वाटून देतात. दोन डोसांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. एकूण डोस मोठा देता यावा म्हणून केलेली ही वाटणी. पण हाडात पसरलेला कॅन्सर सहसा बरा होत नाही. तिथे दुखणं कमी करायचं असतं. तरीही वाटून देण्याची सवय तिथे तशीच आली. दहा दिवस, पंधरा दिवस. ही सवय गरजेची आहे का, हे विचारायला बराच काळ जावा लागला.

विचारलं गेलं तेव्हा उत्तरात गोंधळ झाला, आणि तो समजल्याशिवाय डच निबंधाची चव कळत नाही. अमेरिकेत १९७४ साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत हजारावर रुग्णांना वेगवेगळ्या वेळापत्रकांनी रेडिएशन दिलं. १९८२ साली टाँग आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला: थोड्या दिवसांचं रेडिएशनही तितकंच गुणकारी आहे. तीन वर्षांनी, १९८५ साली, ब्लिट्झर यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि उलटा निष्कर्ष काढला: जास्त वेळा दिलेल्या रेडिएशनने आराम अधिक पूर्ण पडतो. रुग्ण तेच, मशिनं तीच, निकाल दोन. असं का व्हावं? एक कारण असं की ‘आराम’ म्हणजे काय हे दोघांनी वेगळं ठरवलं होतं. ब्लिट्झर यांनी वेदनाशामकांचा वापर आणि पुन्हा द्यावं लागलेलं रेडिएशनही हिशेबात धरलं. दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. त्या चाचणीत वेदना किती, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं होतं. पेशंट खोलीत येतो, डॉक्टर विचारतात, पेशंट आदराने ‘बरं आहे’ म्हणतो, आणि डॉक्टर आपल्या अंदाजाने खूण करतात. आपल्या ओपीडीत बसलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं आहे.

डच निबंधाचा पद्धतीचा भाग इथून वाचायला लागावं. मार्च १९९६ ते सप्टेंबर १९९८ या काळात नेदरलँड्समधल्या रेडिएशन केंद्रांनी मिळून ११७१ रुग्ण घेतले. स्तनाचा कॅन्सर ३९ टक्के, फुप्फुसाचा २५, प्रोस्टेटचा २३, बाकी इतर. जागा म्हणाल तर कमरेची हाडं ३६ टक्के, मणके ३०, मांडी १०, उरलेल्यांत बरगड्या, दंड वगैरे. एका गटाला एकदाच ८ ग्रे, दुसऱ्याला ४ ग्रे सहा वेळा, म्हणजे एकूण २४. कुणाला काय मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं. डॉक्टरांच्या वा रुग्णांच्या पसंतीला त्यात जागा नव्हती.

आता वेदना मोजायची गोष्ट. त्यांनी रुग्णांच्या घरी टपालाने प्रश्नावल्या पाठवल्या. पहिले तीनेक महिने दर आठवड्याला, मग दर महिन्याला, दोन वर्षांपर्यंत. किती दुखतं? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं भयंकर. गोळ्या कोणत्या घेता? मळमळ होते का? दमायला होतं का? दिवस कसा जातो? रुग्णाने घरी, आपल्या टेबलाशी किंवा अंथरुणात बसून हे भरायचं आणि परत पाठवायचं. डॉक्टर समोर नाही. त्याला बरं वाटावं म्हणून काही लिहायची गरज नाही, आणि आपलं ऐकून घ्यावं म्हणून वाढवून सांगायचीही नाही. या परिच्छेदाशी मी दरवेळी थांबतो. निबंधाची भाषा कोरडी आहे, वाक्यं आखूड आहेत. पण ज्याचं दुखतं त्याचाच आकडा हा निकालाचा आकडा, हा निर्णय त्या कोरड्या वाक्यांत घट्ट रोवलेला आहे. मागच्या पिढीत एका पुराव्याचे दोन अर्थ निघाले होते; इथे पुरावा देणारा माणूसच बदलला.

मग ‘आराम पडला’ कधी म्हणायचं? त्यांनी ठरवलं, सुरुवातीच्या आकड्यापेक्षा निदान दोन अंकांनी खाली आलं तर. आठचं सहा, पाचचं तीन. म्हणूनच सुरुवातीला ज्यांचा आकडा दोनाच्या खाली होता त्यांना चाचणीत घेतलं नाही. त्यांना उतरायला जागाच नव्हती. हे दोन अंक फार थोडे वाटतात. मलाही पहिल्या वाचनात ते तोकडे वाटले. पण आठाच्या दुखण्यात कूस बदलता येत नाही आणि सहाच्या दुखण्यात कुणाच्या आधाराने संडासापर्यंत जाता येतं, हे ज्याने घरात पाहिलं आहे त्याला दोन अंकांची किंमत सांगावी लागत नाही. २००२ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर बसून व्याख्या ठरवल्या तेव्हा हीच दोन अंकांची पायरी कायम झाली. तिला एक अट जोडली गेली: वेदनाशामकांचा डोस वाढलेला नसावा. अट रास्त आहे, नाहीतर मॉर्फिनचं श्रेय किरणांना जाईल.

आणखी एक गोष्ट लेखकांनी आधीच जाहीर केली होती. दोन्ही गटांतला फरक दहा टक्क्यांच्या आत राहिला तर ते दोघांना समान मानणार होते. निकाल हाती येण्याआधी आपल्या गळ्यात अशी अट बांधून घेणं हा चाचणीशास्त्रातला शिष्टाचार आहे, पण सगळेच तो पाळत नाहीत.

निकाल: एकंदर ७१ टक्के रुग्णांना पहिल्या वर्षात कधी ना कधी आराम पडला. दोन गटांतला फरक ठरलेल्या मर्यादेच्या बराच आत राहिला. गोळ्यांचा वापर, जीवनमान, दुष्परिणाम, कशातच लक्षणीय फरक नाही.

या ठिकाणी निबंध एक कोडं उभं करतो आणि त्याबद्दल फारसं बोलत नाही. एकदाच दिलेले ८ ग्रे आणि सहा वेळा दिलेले २४ ग्रे यांची ताकद सारखी नाही. रेडिएशन जीवशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने कॅन्सरपेशींवरचा परिणाम मोजला तर पहिला डोस १४.४ भरतो आणि दुसरा ३३.६, दुपटीहून जास्त. वेदना जर गाठीच्या आकारामुळेच असती, तर सहा डोसांनी एका डोसावर सहज मात करायला हवी होती. ती केली नाही. शिवाय काही रुग्णांना गाठ आकसायला पुरेसा वेळ मिळण्याआधीच, थोड्या दिवसांत, बरं वाटू लागतं. म्हणजे किरणं वेदनेवर दुसऱ्या वाटेनेही काम करत असणार. हाड खाणाऱ्या पेशी थंडावतात, गाठीभोवतीच्या दाहाच्या पेशी मरतात, मज्जातंतूंना चिडवणारी द्रव्यं कमी होतात, असं त्याचं आज मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. हाड पुन्हा कॅल्शियम धरून भरून यायला मात्र महिने लागतात. दुखणं थांबलं आणि हाड बळकट झालं या वेगळ्या गोष्टी आहेत, हा धागा पुढे लागणार आहे.

निबंधाचा खरा गाभा मला वाटतो तो पुन्हा दिलेल्या रेडिएशनच्या भागात. काही रुग्णांची वेदना कमी झाली नाही, काहींची परत आली. अशा १८८ जणांना त्याच जागी दुसऱ्यांदा रेडिएशन द्यावं लागलं. एक डोस घेतलेल्यांत १४७, म्हणजे २५ टक्के. सहा डोस घेतलेल्यांत ४१, म्हणजे ७ टक्के. हा आकडा समोर आला की कुणीही म्हणेल: बघा, एक डोस टिकत नाही. आजही एका डोसाच्या विरोधात बोलणारे पहिल्यांदा हाच आकडा पुढे करतात, आणि एकटा पाहिला तर तो पटण्यासारखाही आहे.

लेखक तिथे थांबले नाहीत. ज्यांना पुन्हा रेडिएशन दिलं त्यांची त्याआधीची प्रश्नावली त्यांच्याकडे होतीच. ती काढून त्यांनी पाहिलं, की निर्णय झाला तेव्हा या माणसाचं किती दुखत होतं. एक डोस घेतलेल्यांना पुन्हा टेबलावर घेतलं गेलं ते लवकर, आणि तेव्हा त्यांचा वेदनेचा आकडा कमी होता. सहा डोस घेतलेल्यांना जास्त दुखेपर्यंत थांबावं लागलं. लेखकांनी यावरून अनुमान काढलं की पहिल्या गटाला पुन्हा रेडिएशन द्यायला डॉक्टर अधिक राजी होते. ते समजण्यासारखंही आहे. कुणाला किती डोस मिळाले हे डॉक्टरांना माहीत होतं. मणक्यातून मज्जारज्जू जातो, आयुष्यभरात त्याला किती किरणं सोसवतात याला मर्यादा आहे; एकदाच ८ ग्रे घेतलेल्याच्या बाबतीत अजून जागा शिल्लक आहे असं वाटतं, २४ घेतलेल्याच्या बाबतीत हात आखडतो. ‘एवढंच तर दिलं होतं, थोडं आणखी देऊ’ हा विचारही मनात येत असणार.

या परिच्छेदासाठी मी हा निबंध कुणालाही वाचायला देईन. चाचणी रुग्णांवर होती, पण टपालाने आलेल्या आकड्यांनी डॉक्टरांचं वागणंही मोजलं, आणि लेखकांनी, ज्यांतले काही स्वतः त्याच व्यवसायातले होते, ते लपवलं नाही. २५ आणि ७ या आकड्यांतलं अंतर किती रोगाचं आणि किती डॉक्टरांच्या मनाचं, हा प्रश्न त्यांनी आपल्याच बिरादरीसमोर ठेवला. पेशंटने घरी बसून दिलेला आकडा नसता, तर हे दिसलंच नसतं. डॉक्टरांनीच वेदना नोंदवली असती तर त्यांचा निर्णय आणि त्यांची नोंद एकमेकांना दुजोरा देत राहिल्या असत्या.

२००४ साली इव्हेट व्हान डेर लिंडेन यांनी हाच विदा घेऊन आणखी एक प्रश्न सोडवला: पुन्हा दिलेल्या रेडिएशनचा परिणाम बाजूला काढला तर पहिल्या उपचाराचं काय? उत्तर आलं ७१ आणि ७३ टक्के. म्हणजे पहिल्या डोसाचं श्रेय दुसऱ्याने उसनं दिलेलं नव्हतं. त्यांनी एक वर्षाहून अधिक जगलेल्या ३२० रुग्णांचाही वेगळा विचार केला, कारण आक्षेप असा होता की थोडे दिवस उरलेल्यांना एक डोस ठीक, पण ज्यांच्यापुढे अजून आयुष्य आहे त्यांचं काय? त्यांच्यातही आरामाचं प्रमाण ८७ आणि ८५ टक्के निघालं.

फ्रॅक्चरचा उल्लेख निबंधात छोटा आहे आणि लेखकांना तो नको होता हे जाणवतं. एक डोस घेतलेल्या गटात हाड मोडण्याचं प्रमाण अनपेक्षितपणे जास्त निघालं. एकूण आकडा लहान होता, पण समानतेची गोष्ट सांगणाऱ्या निबंधात ही ठेच होती, आणि ती सारांशातच लिहिलेली आहे. पुढे मांडीच्या हाडात रोग असलेल्या १०२ रुग्णांचे एक्स-रे वेगळे तपासले गेले; त्यांतल्या १४ जणांचं हाड मोडलं होतं. कोणत्या गटात कोण होतं यापेक्षा हाडाची बाहेरची कठीण भिंत उभ्या लांबीत किती पोखरली आहे, यावर मोडणं अवलंबून होतं. ती ३० मिलिमीटरपेक्षा जास्त पोखरली असेल तर धोका मोठा. अशा मांडीला किरणांची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी हाडांच्या डॉक्टरांकडून आत रॉड घालून घेणं बरं, कारण किरणांनी दुखणं थांबलं तरी हाड भरायला महिने जातात, आणि दुखणं थांबलेला माणूस त्या पायावर भार टाकून चालू लागतो. एका अडचणीच्या वाक्यातून एक्स-रेवर पट्टी ठेवून मोजता येईल असा नियम निघाला.

खर्चाचा हिशेबही निबंधात आहे आणि तोही सरळ आहे. सहा डोसांच्या उपचाराला २३०५ युरो, एका डोसाला १७३४. पंचवीस टक्क्यांची बचत म्हणून इथेच टाळ्या घेता आल्या असत्या. पण लेखकांनी पुन्हा दिलेल्या रेडिएशनचा खर्च त्यात मिळवला आणि बचत आठ टक्क्यांवर आली, हे स्वतःच सांगितलं. मग म्हणाले, मोठा फायदा मशिनच्या वेळेचा आहे.

हे वाचताना मुंबई डोळ्यांपुढे न येणं कठीण आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलकडे १९४१ सालापासून देशभरातून माणसं येतात. त्यांतली किती तरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा जमेल तिथे मुक्काम करतात. डच रुग्ण केंद्रातून घरी परत जाई. धाराशिवहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या माणसाला दहा डोस म्हणजे शनिवार-रविवार धरून दोन आठवडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि मणक्यात रोग असताना रोज टॅक्सीत बसणं-उतरणं. त्या चाचणीतल्या रुग्णांचा जगण्याचा मध्यक काळ सात महिने होता. सात महिन्यांतले दोन आठवडे रांगेत घालवायचे की घरी, हा प्रश्न उपचाराच्या बाहेरचा आहे असं मला वाटत नाही. आणि तरीही बाकांवर ज्याला एकच ‘लाईट’ सांगितली तो शेजारच्याकडे बघून खट्टू होतो. आपल्याला कमी दिलं, आपल्यावर आशा सोडली, असं त्याला वाटतं. त्याच्याशी बोलायला कुणाला तरी पाच मिनिटं मिळायला हवीत. ही समजूत पेशंटपुरतीच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनेला २०१३ साली आपल्याच सदस्यांना सांगावं लागलं, की हाडाच्या वेदनेसाठी सरसकट दहापेक्षा जास्त डोस देऊ नका. तोवर डच निबंध चौदा वर्षांचा झाला होता.

तो एकटाही राहिला नव्हता. २००५ साली अमेरिका-कॅनडातल्या ८९८ स्तन आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांत एकदा ८ ग्रे आणि दहा वेळा मिळून ३० ग्रे यांची तुलना झाली. दोन्हीकडे ६६ टक्क्यांना आराम, आणि सुरुवातीचे दुष्परिणाम एका डोसात कमी, १० विरुद्ध १७ टक्के. एडवर्ड चाउ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा आकडे आले ६० आणि ६१. पुन्हा रेडिएशन लागण्याचं प्रमाण तिथेही २० आणि ८ टक्के होतं. डॉक्टरांचं मन सगळ्या देशांत बहुधा सारखंच असावं.

निबंध जिथवर बोलतो त्यापलीकडे त्याला ओढू नये. मज्जारज्जूवर दाब आलेले रुग्ण, हाड मोडलेले रुग्ण, मेलॅनोमा आणि किडनीच्या कॅन्सरचे रुग्ण यांना त्याने बाहेर ठेवलं होतं. पायांतली शक्ती जायला लागली, लघवी अडली, तर तो वेगळा प्रसंग आहे आणि त्यात तासांचा हिशेब असतो. तिथे काही रुग्णांना आधी शस्त्रक्रिया करून दाब काढला तर फायदा जास्त. २००५ सालच्या पॅचेल यांच्या १०१ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, फक्त रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७. मज्जारज्जूवरच्या दाबासाठी एक डोस पुरेसा आहे का, हे ‘स्कोराड’ या चाचणीने ६८६ रुग्णांत पाहिलं. आठ आठवड्यांनी चालू शकणारे ६९.३ आणि ७२.७ टक्के. आकडे जवळ आहेत, पण आधी ठरवलेल्या निकषात ते बसले नाहीत, आणि २०१९ साली निकाल देताना लेखकांनी तसंच लिहिलं.

पेशंटला सांगायला हवी अशी एक बारीक गोष्ट नंतरच्या काळात नीट मोजली गेली. रेडिएशननंतर पहिल्या काही दिवसांत दुखणं आधी वाढू शकतं. कॅनडातल्या २०१५ सालच्या चाचणीत साधारण तिघांतल्या एकाला हा त्रास झाला. पाच दिवस डेक्सामेथासोन हे औषध दिल्यावर तो ३५ टक्क्यांवरून २६ वर आला. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या रात्री घाबरतो, आणि उपचार फसला असं समजतो. आराम बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत कळतो.

डच निबंधाची कमकुवत बाजूही त्याच टपालात आहे. रुग्ण सरासरी चार महिने प्रश्नावल्या भरत राहिले. ज्याला लिहिता येईनासं झालं, ज्याला गुंगी होती, त्याची शेवटच्या आठवड्यांतली वेदना हिशेबात येत नाही. शून्य ते दहाचा आकडा कुठे दुखतं, कशाने दुखतं, दुखण्यामुळे काय करता येत नाही, हे सांगत नाही. लेखकांनी जीवनमानाचे प्रश्न त्यासाठी जोडले, पण त्यांची चर्चा निबंधात थोडक्यात आटोपते. माझी एवढीच तक्रार आहे. ती मंडळी आकड्यांत इतकी मन लावून बसली होती, त्यांनी त्या भागात आणखी थोडं थांबायला हवं होतं.

आता वाद पुढच्या मशिनांचा आहे. मणक्यातल्या रोगावर अतिशय नेमका, मोठा डोस दोन बैठकींत देणारं स्टीरिओटॅक्टिक रेडिएशन आलं आहे. २०२१ साली २२९ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी वेदना पूर्ण थांबलेले ३५ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीत १४. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत असाच मोठा डोस एका बैठकीत दिला, तर तो साध्या ८ ग्रेपेक्षा सरस ठरला नाही. पहिलीत वेदना शून्यावर येणं हे यश होतं, दुसरीत तीन अंकांनी उतरणं. डोसही वेगळे, रुग्णही वेगळे. असे निबंध समोर आले की मी निकालाचा तक्ता नंतर बघतो. आधी वेदना कुणी मोजली, कधी मोजली आणि किती उतरली तर आराम म्हणायचं ठरवलं, तो परिच्छेद काढून वाचतो.